उभं राहून गाणं : कॅथलीन फेरियर

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता. ज्या ठिकाणी ध्वनिमुद्रिका ऐकवल्या त्या जागा कंसात दाखवल्या आहेत.)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या विषयापुढे ‘विख्यात ऑपेरा गायिका’ असं छापलं आहे. त्यात छापणाऱ्यांचं काही चुकलं नाही. जगभर तिची ओळख अशीच करून देतात. पण हिशेब मांडायला बसलं तर कॅथलीन फेरियरनं ऑपेराच्या रंगमंचावर उभ्या आयुष्यात भूमिका केल्या दोन. बेंजामिन ब्रिटनची लुक्रीशिया आणि ग्लुकचा ऑर्फियस. बस्स. दोनच नाटकं केलेल्या माणसाला आपण ‘हौशी’ म्हणून मोकळे झालो असतो. बाकी तिचं सगळं गाणं मैफलीतलं आणि चर्चमधलं, आणि त्याआधी कारखान्यांच्या कँटीनमधलं. तेही फार वर्षांचं नाही. १९४२च्या डिसेंबरात ती लंडनला राहायला आली आणि १९५३च्या फेब्रुवारीत शेवटची लोकांसमोर गायली. दहा वर्षं आणि वर दोन महिने.

मला आज बोलायचं आहे ते या दोन भूमिकांनी तिच्या मैफलीला काय दिलं आणि मैफलीनं या भूमिकांना काय दिलं, याबद्दल. आपल्या संगीत नाटकावर एक जुना आक्षेप आहे. पद सुरू झालं की नट पुढे येऊन उभा राहतो आणि नाटक थांबतं. आक्षेप खोटा नाही. पण उभं राहणं म्हणजे थांबणं, हे मात्र मला कधी पटलं नाही, आणि न पटण्याचं सगळ्यात मोठं कारण ही बाई आहे. (मी तिला ‘ती’च म्हणणार. आपण लताला म्हणतो तसं.)

तिचा जन्म २२ एप्रिल १९१२चा, इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या हायर वॉल्टन नावाच्या खेड्यातला. वडील शाळेचे हेडमास्तर. पुढे कुटुंब ब्लॅकबर्नला आलं. ब्लॅकबर्न म्हणजे कापडगिरण्यांचं गाव. मँचेस्टरच्या कापडाच्या गोष्टी ऐकलेल्या मुंबईकराला त्या गावाचा वास वेगळा सांगायला नको. घरात गाणं होतं, पण मुलीचा ओढा पियानोकडे. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, कारण घरच्या पैशांचं गणित बसेना, आणि ती पोस्टखात्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. दिवसभर कानाला हेडफोन आणि संध्याकाळी पियानो. १९२८ साली एका वृत्तपत्राच्या स्पर्धेत तिला बक्षीस म्हणून चक्क एक पियानो मिळाला. १९३० साली ती बीबीसीच्या मँचेस्टर केंद्रावरून वाजवून आली. म्हणजे अठराव्या वर्षी तिची ओळख काय? गावातली बरी पियानोवादक आणि एक्स्चेंजमधली ऑपरेटर.

याच नोकरीतली एक गंमत सांगतो. १९३५ साली पोस्टखात्यानं फोनवरून वेळ सांगणारी सेवा सुरू करायचं ठरवलं आणि तिच्यासाठी आपल्याच ऑपरेटर मुलींमधून आवाज शोधायला घेतला. फेरियरनंही चाचणी दिली. लंडनच्या शेवटच्या फेरीपर्यंतसुद्धा तिची निवड झाली नाही. ज्या आवाजासाठी पुढे व्हिएन्नात लोक रांगा लावणार होते तो आवाज ‘आता दहा वाजून वीस मिनिटं झाली’ एवढं सांगायला अपुरा पडला! त्याच साली तिचं लग्न झालं आणि नोकरी गेली. विवाहित स्त्रीला नोकरीवर ठेवायचं नाही, असा खात्याचा तेव्हाचा नियमच होता. नवरा बँकेत. त्याच्या बदलीनं दोघं कंबरलंडच्या किनाऱ्यावर सिलथ नावाच्या गावी गेले.

१९३७चा मार्च महिना. कार्लाइल गावात संगीत स्पर्धा भरायची. फेरियरनं पियानोसाठी नाव दिलं होतं. नवऱ्यानं पैज लावली, गाण्यातही नाव देऊन दाखव, एक शिलिंग हरलो. तिनं दिलं. दोन्ही स्पर्धा तिनं जिंकल्या आणि सगळ्या विजेत्यांमधून पुन्हा पहिलीही आली. त्या शरद ऋतूत शेजारच्या ॲस्पाट्रिया खेड्यात सुगीच्या उत्सवात गायल्याबद्दल तिला एक गिनी मिळाली. गाण्याची ती पहिली कमाई. तेव्हा ती पंचविशीची होती. हे लग्न पुढे टिकलं नाही. १९४७ साली कायद्यानंच ते रद्द ठरवलं. त्यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

पंचविशीपर्यंत ती गाणं शिकलीच नव्हती, हा तोटा खरा. पण आधी पियानो पक्का झाला होता, हा फायदाही तितकाच खरा. स्वरलिपी ती वादकासारखी वाचायची. साथीत काय चाललंय, कुठला सूर कोणाकडून कोणाकडे जातोय, हे तिला डोळ्यांनीच ऐकू यायचं. पुढे ब्रूनो वॉल्टरसारख्या वाद्यवृंद-संचालकाबरोबर ती इतक्या लवकर जुळली, त्याचं बीज मला ब्लॅकबर्नच्या त्या पियानोत दिसतं.

मग युद्ध आलं. इंग्लंडमध्ये तेव्हा संगीत आणि कला यांना उत्तेजन देण्यासाठी एक समिती निघाली होती. तिच्यातूनच युद्धानंतर तिथलं आर्ट्स कौन्सिल उभं राहिलं. या समितीनं गायक-वादकांना गावोगाव पाठवलं. कारखान्याची जेवणाची सुट्टी, लष्कराचा तळ, खाणकामगारांची वस्ती. १९४१पासून फेरियर या दौऱ्यांवर होती. ब्लॅकआऊटमधल्या रखडणाऱ्या आगगाड्या, न तापवलेली सभागृहं, बिघडलेले पियानो. समोर बसलेल्या माणसानं अर्ध्या तासापूर्वी यंत्र बंद केलेलं आणि अर्ध्या तासानं ते पुन्हा सुरू करायचं. याला बाख, हँडेल ऐकवायचा कसा? नखरे करून चालत नाही आणि शिकवण्याचा आव आणूनही चालत नाही. सरळ उभं राहायचं, शब्द स्वच्छ उच्चारायचा आणि गायचं. मला वाटतं, तिच्या गाण्यातला तो विलक्षण साधेपणा इथे तयार झाला. संगीत विद्यालयात ती गेलेलीच नव्हती. तिचं विद्यालय हेच.

१९४२ साली वाद्यवृंद-संचालक माल्कम सार्जंट यांनी तिला मँचेस्टरमध्ये ऐकलं आणि लंडनच्या एका मोठ्या संगीत-एजन्सीकडे शब्द टाकला. ती लंडनला आली, हॅम्पस्टेडला बहीण आणि वडिलांसह राहू लागली आणि रॉय हेंडरसन या बॅरिटोन गायकाकडे शिकायला लागली. हेंडरसननी लिहून ठेवलंय की तिच्या घशाची पोकळी इतकी मोठी होती की एखादं बऱ्यापैकी सफरचंद सरळ मागपर्यंत जावं. म्हणजे वाद्य निसर्गानंच दिलेलं. पण ही बाई गाताना नाक वहीत खुपसून उभी राहायची. सगळं पाठ कर आणि मान वर कर, हा हेंडरसनचा पहिला धडा. ऐकायला किती साधा! आपल्याकडेही चिठ्ठी समोर ठेवून गाणारे आहेत, ते इथे आले असतील तर त्यांनी हे मनावर घ्यावं.

तिचा आवाज कॉन्ट्राल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातला सगळ्यात खालचा. असा खरा आवाज दुर्मीळ. बऱ्याच जणी खाली जाताना आवाज जाड करतात. हिचा मुळातच तिथे राहत होता. गंगूबाई हनगल यांच्या खर्जाची आपल्याला सवय आहे, त्यामुळे बाईचा आवाज म्हणजे पातळ आणि उंच, हा गैरसमज निदान या सभागृहात नसावा. गंगूबाईंच्या खर्जात मात्र झुंज ऐकू येते. फेरियरच्या खालच्या सुरात झुंज नाही, एक प्रकारची ऊब आहे आणि तिच्याच तळाशी खिन्नता. स्वभावाला ती खिन्न अजिबात नव्हती. विड्या ओढायची, बिअर आवडीनं प्यायची, चावट वात्रटिका पाठ म्हणायची आणि पत्रांखाली स्वतःचं नाव गमतीदार करून लिहायची. आवाज एक सांगतो आणि माणूस दुसरंच निघतो, हे गायकांच्या बाबतीत आपण नेहमीच पाहतो.

मे १९४३मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये तिनं हँडेलचा ‘मेसाया’ गायला. ऐकायला ब्रिटन बसला होता. तीन वर्षांनी त्यानं लुक्रीशिया लिहायला घेतली तेव्हा त्याला हा आवाज आठवला.

‘द रेप ऑफ लुक्रीशिया’चा पहिला प्रयोग १२ जुलै १९४६ रोजी ग्लाइंडबोर्नला झाला. ससेक्समधल्या एका जमीनदाराच्या बंगल्याला जोडून बांधलेलं हे नाट्यगृह युद्धात बंद होतं. याच ऑपेरानं ते उघडलं. ब्रिटननं मुद्दाम आटोपशीर रचना केली होती: बारा-तेरा वादक आणि मोजके गायक. दोन संच आलटून पालटून खेळत. एकात लुक्रीशिया फेरियर, दुसऱ्यात नॅन्सी इव्हान्स. संचालक एर्नेस्ट आन्सेर्मे.

चौतिसाव्या वर्षी ही बाई पहिल्यांदा वेश करून रंगमंचावर उभी राहिली आणि हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. मैफलीत हा प्रश्न येत नाही. तिनं स्वतःच नंतर सांगितलं की साधा हात उचलायचा तरी आपण मोडकी पवनचक्की आहोत असं वाटायचं. ती आरशासमोर सराव करायची. ऑपेराच्या शेवटाकडे एक जागा आहे. रात्री अत्याचार झाला आहे, सकाळ झाली आहे, आणि लुक्रीशिया जांभळ्या शोकवस्त्रात नवऱ्यासमोर येते. गाणं नाही, शब्द नाही. वाद्यं वाजतायत आणि तिनं चालत यायचं आहे. गाणाऱ्या माणसाला न गाता चालायला सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला कोरड्यावर आणून सोडण्यासारखं. पण ज्यांनी ते प्रयोग पाहिले ते हटकून हीच जागा सांगत. हातांचं काय करायचं, याचं उत्तर तिला तोवर सापडलं होतं. काही करायचं नाही!

आणखी एक बारीक गोष्ट. लुक्रीशियाच्या एका उद्रेकात ब्रिटननं वरचा सूर लिहिला होता. तो लागेल की नाही याची तिला भीती, म्हणून ब्रिटननं खालचा पर्याय दिला. रंगीत तालमीत भान विसरून तिनं वरचाच लावला, तोही भरदार. आपण जिच्या ठेहरावाचं कौतुक करतोय तिला रंगमंचानं हेही दिलं, सांभाळून गाणं विसरायला लावलं. मैफलीचा गायक सतत स्वतःला ऐकत असतो. नाटकात ते ऐकणं काही क्षण सुटतं.

(ध्वनिमुद्रिका : ‘ऑर्फियस’मधील विलापगीत, इंग्रजीतून, १९४६.)

आता ऐकलंत ते ग्लुकच्या ‘ऑर्फियस’मधलं गाणं. ही मुद्रिका निघाली आणि ज्यांनी जन्मात ऑपेरा पाहिला नव्हता त्या घरांतही फेरियर पोचली. पुढच्या वर्षी, १९४७च्या जूनमध्ये, ग्लाइंडबोर्नला तिनं ही भूमिका उभी केली, इटालियनमध्ये. दिग्दर्शन कार्ल एबर्टचं.

गोष्ट जुनी आहे. ऑर्फियसची बायको युरिडिस मरते. तो पाताळात जाऊन आपल्या गाण्यानं तिला मागून आणतो, पण अट अशी की वाटेत मागे वळून बघायचं नाही. तो बघतो आणि ती पुन्हा मरते. तेव्हा त्यानं म्हटलेलं हे गाणं. १७६२ साली व्हिएन्नात हा ऑपेरा पहिल्यांदा झाला तेव्हा ऑर्फियस गायला होता ग्वाडाग्नी नावाचा कास्त्रातो, म्हणजे आवाज कोवळा राहावा म्हणून लहानपणी शस्त्रक्रिया केलेला पुरुष. ती क्रूर प्रथा गेली आणि भूमिका मागे उरली. पॅरिससाठी ग्लुकनंच ती वरच्या पट्टीच्या पुरुष-आवाजासाठी फिरवली. १८५९मध्ये बर्लिओझनं पोलिन व्हिआर्दो या गायिकेसाठी पुन्हा बाईच्या खालच्या आवाजात आणली. तेव्हापासून बाई पुरुषाचा वेश करून ऑर्फियस होते. बालगंधर्वांच्या नऊवारीवर तीन पिढ्या जीव टाकलेल्या महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. उलट आपल्याला एक गोष्ट लगेच समजेल. वेशाचा संभ्रम काही मिनिटं टिकतो, नंतर जे उरतं ते गाण्यातलं माणूस. फेरियरच्या ऑर्फियसमध्ये पुरुषी असं काही नव्हतं आणि बायकीही नव्हतं. फक्त शोक होता.

आणि आता खरी मेख. हे विलापगीत रचलंय कशात? पाश्चात्त्यांच्या मेजर स्केलमध्ये. म्हणजे सगळे शुद्ध स्वर, आपला बिलावल थाट. कोमल गंधार नाही, कोमल धैवत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या हान्सलिक नावाच्या मातबर समीक्षकानं यावरूनच वाद घातला होता की, या चालीवर आनंदाचे शब्द बसवले तरी ते तितकेच शोभतील, मग संगीताला भावना असते म्हणता कशाला? प्रश्न बिनतोड आहे. पण फेरियरचं गाणं ऐकताना तो सुचत नाही. ती लय जराशी मागे ठेवते. सूर फेकत नाही, ठेवते. ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा आवाज वाढवण्याऐवजी कमी करते. शुद्ध स्वरांतला शोक हा रडून झालेल्या माणसाचा शोक असतो, हे तिला कळलं होतं. आपल्याकडे बिलावलाच्या वळणातलं एखादं भजन उतारवयातला गायक म्हणतो तेव्हा असंच काहीसं होतं. इथे तिची मैफल आणि रंगमंच मला एकमेकांत मिसळलेले दिसतात. हे गाणं ती मैफलीत म्हणायची तेव्हा ते नाटकातलं वाटायचं आणि नाटकात म्हणायची तेव्हा सगळं नाट्यगृह एका मैफलीइतकं जवळ यायचं.

ग्लाइंडबोर्नचे व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांनी तिची गाठ ब्रूनो वॉल्टरशी घालून दिली. वॉल्टर म्हणजे संगीतकार माहलरचा शिष्य. माहलर १९११च्या मे महिन्यात गेला आणि त्याचं ‘दास लीड फॉन डेअर एर्डे’, म्हणजे ‘पृथ्वीचं गाणं’, त्यानं स्वतः कधी ऐकलंच नाही. त्याच साली नोव्हेंबरात म्युनिकला त्याचा पहिला प्रयोग वॉल्टरनीच केला. ज्यू असल्यामुळे वॉल्टरना १९३८ साली ऑस्ट्रिया सुटली आणि व्हिएन्नाचा त्यांचा वाद्यवृंदही. १९४७ साली एडिंबरा महोत्सव पहिल्यांदा भरला तेव्हा व्हिएन्ना फिलहार्मोनिक आणि वॉल्टर नऊ वर्षांनी पुन्हा एकत्र आले. त्या मंचावर त्यांनी उभी केली लँकेशरची ही मुलगी. तिला जर्मन बेताचं येत होतं आणि माहलर तर तेव्हाच्या इंग्लंडला जेमतेम ठाऊक.

या रचनेचं शेवटचं गाणं निरोपाचं आहे. एकटंच जवळजवळ अर्धा तास चालतं. मूळ चिनी कवितांच्या जर्मन रूपांतरावर ते बेतलेलं आहे. शेवटी एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, ‘एव्हिश’, निरंतर. तो सूर सरगमीत सांगतो म्हणजे गंमत लक्षात येईल. गायिका गंधारावरून रिषभावर येते. पुन्हा गंधार, रिषभ. षड्जावर ती येतच नाही. खाली वाद्यांमध्ये षड्ज आहे, गंधार-पंचम आहेत, पण त्यांच्यावर धैवत लटकता ठेवलाय, तोही मिटत नाही. समेची वाट बघणारा आपला कान शेवटपर्यंत वाट बघत राहतो आणि गाणं संपलं की चालूच आहे, तेही कळत नाही.

एडिंबराला हे शेवटचे ‘एव्हिश’ फेरियरला गाताच आले नाहीत. ती रडली. प्रयोगानंतर तिनं वॉल्टरची माफी मागितली, शिस्त मोडली म्हणून. त्यांनी तिची समजूत काढली, ती अशी की आम्ही सगळे तुझ्याएवढे कलावंत असतो तर आम्हीही रडलो असतो. वॉल्टरचा मोठेपणा मान्य. तरी माझं मत फेरियरच्या बाजूचं आहे. तिनं माफी मागितली हे बरोबर केलं. श्रोत्याला रडवायचं तर गाणाऱ्याचे डोळे कोरडे लागतात, आणि हे तिला समजलं होतं म्हणूनच पुढच्या पाच वर्षांत हे गाणं ती कुठच्या कुठे घेऊन गेली.

त्या पाच वर्षांतल्या प्रवासाबद्दल मी भरभर सांगतो. जानेवारी १९४८, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, पुन्हा वॉल्टर आणि पुन्हा ‘पृथ्वीचं गाणं’. अमेरिकेचे तीन दौरे. हॉलंड तर तिच्या प्रेमातच पडला. तिथे तिनं ऑर्फियसही केला. जुलै १९४९मध्ये ॲमस्टरडॅमला ब्रिटनच्या ‘स्प्रिंग सिंफनी’चा पहिला प्रयोग झाला, त्यात ती होती. त्याच वर्षी एडिंबराला वॉल्टर स्वतः पियानोवर साथीला बसले आणि ती शूबर्ट, शूमान, ब्राम्स गायली. १९५०मध्ये बाखच्या द्विशताब्दीला व्हिएन्नात संचालक कारायानच्या हाताखाली त्याचा बी मायनर मास. त्यातल्या तिच्या ‘आग्नुस देई’नं कारायानच्या डोळ्यांत पाणी आणलं, असं सांगतात. आणि या सगळ्या थोरामोठ्यांच्या गर्दीत १९४९च्या फेब्रुवारीत तिनं ध्वनिमुद्रित केलं एक नॉर्थंबरलंडकडचं लोकगीत. खलाशाची बाई दक्षिणेच्या वाऱ्याला विनवते आहे. साथ नाही. पियानो नाही, काही नाही. आपला गायक निदान तानपुऱ्याच्या आधारानं उभा असतो. ही नुसत्या आपल्या सुराच्या आधारानं.

(ध्वनिमुद्रिका : ‘ब्लो द विंड सदर्ली’, १९४९.)

१९५१च्या मार्चमध्ये तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया. जूनमध्ये ती रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये उभी राहून बाख गात होती. जुलैमध्ये हॉलंडला. नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरचा फ्री ट्रेड हॉल, जो बॉम्बहल्ल्यात पडला होता, तो नव्यानं उघडला. तिथे जॉन बार्बिरोलींच्या हाले वाद्यवृंदाबरोबर ती गायली. (पुढे काही वर्षं याच वाद्यवृंदात मुंबईचे मेहली मेहता व्हायोलिन वाजवत होते, झुबिन यांचे वडील. फेरियर तोवर गेली होती.) बार्बिरोलींशी तिचं घरचं नातं होतं. त्यांनी तिला इंग्लिश प्रार्थनासंगीताच्या चाकोरीतून बाहेर काढून फ्रेंच संगीताकडे वळवलं. शोसाँचं समुद्र आणि प्रेमावरचं ते लांबलचक काव्य तिनं त्यांच्याकडूनच घेतलं. जानेवारी १९५२मध्ये ब्रिटननं तिच्यासाठी आणि गायक पीटर पिअर्ससाठी ‘अब्राहम आणि आयझॅक’ लिहिलं. त्यात ती मुलगा झाली आणि पिअर्स बाप. देवाचा आवाज दोघं मिळून गातात.

मे १९५२मध्ये व्हिएन्नात वॉल्टरबरोबर ‘पृथ्वीच्या गाण्या’चं ध्वनिमुद्रण झालं. दुखणं हाडांत शिरलं होतं. या मुद्रिकेबद्दल लोक हळवे होतात, की मरणारी बाई निरोपाचं गाणं गाते आहे. मला हे ऐकवत नाही. तिच्या आजाराची गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला ती मुद्रिका ऐकवा. त्याला ऐकू येईल ती पूर्ण ताब्यातली गायिका. या वेळी शेवटचे ‘एव्हिश’ सगळे आहेत, एकही गळलेला नाही. पाच वर्षांपूर्वी जिथे गाणं तिच्यावर स्वार झालं होतं तिथे आता ती गाण्यावर आहे. आजारामुळे हे गाणं मोठं झालं असं म्हणणं म्हणजे तिच्या मेहनतीचं श्रेय रोगाला देणं.

आता १९५३. बार्बिरोलींच्या मनात लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहात तिचा ऑर्फियस होता, आणि या वेळी इंग्रजीतून. फ्रेडरिक ॲश्टननं तो बसवला. तो मूळचा नृत्यदिग्दर्शक, त्यामुळे प्रयोगात नृत्य पुष्कळ. चार प्रयोग ठरले. ती तालमी आणि किरणोपचार सोबतच करत होती. बाहेर कोणाला खरं माहीत नव्हतं; सांधेदुखी आहे, एवढंच सांगितलं जाई. नववर्षाच्या मानयादीत तिला सीबीई हा किताब मिळाला होता. ३ फेब्रुवारीचा पहिला प्रयोग गाजला. दुसरा ६ फेब्रुवारीला. त्या रात्री प्रयोग चालू असताना तिच्या डाव्या मांडीचं हाड रंगमंचावरच निकामी झालं.

इथे मी क्षणभर थांबतो, कारण ही गोष्ट फार वेळा चमत्कारासारखी सांगितली जाते. घडलं ते असं. तिला हलता येईना. बाजूच्या कलाकारांच्या ध्यानात आलं. ते आपल्या जागा सोडून तिच्या जवळ सरकले आणि तिला आधार दिला. ती जागेवर उभी राहिली. उरलेली सगळी गाणी, त्या विलापासकट, ती उभ्यानं गायली. शेवटी पडदा वर गेल्यावर प्रेक्षकांना अभिवादन केलं आणि मग तिला रुग्णालयात नेलं. समोरच्या प्रेक्षकांना काही कळलं नाही.

का नाही कळलं? धैर्य होतंच, ते कोण नाकारेल. पण नुसत्या धैर्यानं प्रेक्षक फसत नाही. सतत हातवारे करणारी, मंचभर फिरणारी गायिका एकाएकी खिळून राहिली असती तर तिसऱ्या रांगेतल्या माणसालाही शंका आली असती. हिचा ऑर्फियस मुळातच उभा होता. लुक्रीशियाच्या तालमीत जे तिनं आरशासमोर शिकून घेतलं आणि कारखान्यांच्या कँटीनमध्ये आधीच अंगी बाणलं होतं, ते त्या रात्री कामी आलं. तिची सगळी हालचाल आवाजात असायची आणि आवाजाचं हाड शाबूत होतं.

उरलेले दोन प्रयोग रद्द झाले. ती पुन्हा लोकांसमोर गायली नाही. त्या उन्हाळ्यात रॉयल फिलहार्मोनिक सोसायटीचं सुवर्णपदक तिला मिळालं, आणि ८ ऑक्टोबर १९५३ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात ती गेली. वय एक्केचाळीस. तिच्या नावानं कर्करोग संशोधनाचा निधी उभा राहिला आणि १९५६पासून तरुण गायकांसाठी पुरस्कार सुरू झाला. तो अजून मानाचा समजला जातो.

शेवटचा मुद्दा ध्वनिमुद्रिकांचा, आणि इथे मी जरा भांडणार आहे. ऑक्टोबर १९५२मध्ये तिनं संचालक एड्रियन बोल्ट यांच्याबरोबर बाख आणि हँडेलची पदं मुद्रित केली. तेव्हा मुद्रण एकाच वाहिनीवर व्हायचं. पुढे स्टिरिओ आला, आणि १९६०मध्ये ध्वनिमुद्रिका-कंपनीनं त्याच बोल्टना आणि त्याच लंडन फिलहार्मोनिकला पुन्हा बसवून तिच्या जुन्या आवाजाभोवती नवी साथ वाजवून घेतली. वादकांना ऐकू येतोय सात वर्षांपूर्वी गेलेल्या गायिकेचा आवाज, आणि तिच्या श्वासाच्या मागे त्यांनी जायचं. तंत्र म्हणून थक्क करणारं काम. पण साथ म्हणजे देवाणघेवाण असते. तबलजी गायकाकडे बघतो, गायकही तबलजीकडे बघतो. या स्टिरिओत एकच बाजू बघते आहे. तिनं कुठे थांबावं हे आता वाद्यांच्या हाती नाही, आणि वाद्यांनी घेतलेली जागा तिला ऐकू येत नाही. ज्यांना दोन्ही आवृत्त्या मिळतील त्यांनी जरूर ताडून बघाव्यात. दुकानदार स्टिरिओ सुचवेल, स्वच्छ आहे म्हणून.

मी आज आणली आहे ती १९५२ची मूळ. थोडी खरखर आहे. हँडेलचं पद आहे, ‘मेसाया’मधलं. ते झालं की प्रश्न विचारा. ध्वनिक्षेपक डाव्या बाजूला ठेवला आहे.

(ध्वनिमुद्रिका : हँडेल, ‘मेसाया’मधील पद, १९५२.)